स्पर्धकाशी सहकार्य केल्यावर फायदा नेमका कुणाला होतो?

प्रश्न असा आहे. औद्योगिक पंपांची सील, म्हणजे गळती रोखणारे भाग, बनवणारी मध्यम आकाराची एक कंपनी आहे. त्याच बाजारातली एक स्पर्धक कंपनी तिच्याकडे प्रस्ताव घेऊन आली आहे: दोघांनी मिळून चाचणी केंद्र उभारायचं आणि कच्चा माल एकत्र खरेदी करायचा. संचालक मंडळात दोन तट पडले आहेत. एका बाजूला वाटतं खर्च वाचेल, दुसऱ्या बाजूला वाटतं आपली गुपितं जातील. विचारणाऱ्याला जाणून घ्यायचं आहे, की अशा सहकार्याने कंपनीची कामगिरी खरोखर सुधारते का आणि संशोधन याबद्दल काय सांगतं.

अशा करारांच्या वाटाघाटींत आणि नंतर ते चालवण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो. दोन्ही तटांचं म्हणणं खरं आहे, पण दोघंही प्रश्नाकडे अपुऱ्या बाजूने बघत आहेत. सहकार्यातून फायदा जवळजवळ नेहमीच तयार होतो. तो कुणाच्या ताळेबंदात उतरतो, हे मात्र करारावर कमी आणि प्रत्येक कंपनी आपल्या घरी त्याचं काय करते यावर जास्त अवलंबून असतं. त्यामुळे समोरच्यावर विश्वास ठेवावा का, याआधी एक प्रश्न विचारायला हवा: मिळेल ते पचवण्याची तयारी आपल्याकडे आहे का?

याचं सर्वांत बोलकं उदाहरण जनरल मोटर्स आणि टोयोटा यांचं आहे. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमधला जनरल मोटर्सचा कारखाना १९८२ मध्ये बंद पडला. कामगार आणि व्यवस्थापन यांच्यात सतत संघर्ष, गैरहजेरी वीस टक्क्यांच्या घरात, गाड्यांचा दर्जा वाईट. १९८४ मध्ये याच इमारतीत दोन्ही कंपन्यांनी ‘नम्मी’ नावाचा संयुक्त प्रकल्प सुरू केला. कामगार बहुतेक जुनेच घेतले, संघटनाही तीच ठेवली. बदलली ती काम करण्याची पद्धत. उत्पादनाच्या लाइनवरच्या कुणालाही दोष दिसला तर त्याने दोरी ओढायची. टीम लीडर धावत येतो, आणि ठरलेल्या वेळात दोष निघाला नाही तर लाइन थांबते. जुन्या कारखान्यात लाइन थांबवणं हा गुन्हा होता, इथे सदोष गाडी पुढे ढकलणं हा गुन्हा ठरला. दोनेक वर्षांत या कारखान्याचा दर्जा टोयोटाच्या जपानमधल्या कारखान्यांच्या जवळ गेला आणि गैरहजेरी दोन-तीन टक्क्यांवर आली.

प्रकल्प म्हणून पाहिलं तर हे घवघवीत यश होतं. आता दोन्ही मालक कंपन्यांकडे बघा. अमेरिकन कामगार, अमेरिकन संघटना आणि अमेरिकन पुरवठादार यांच्यासोबत आपली पद्धत चालते का, हे टोयोटाला शिकायचं होतं. ते तिने शिकून घेतलं आणि १९८८ मध्ये केंटकीतल्या जॉर्जटाउनमध्ये स्वतःच्या मालकीचा कारखाना चालू केला. जनरल मोटर्सला टोयोटाची उत्पादनपद्धत शिकायची होती. टोयोटाने काहीही लपवलं नाही, कारखाना उघडा होता. जनरल मोटर्सने तिथे व्यवस्थापक पाठवलेही, पण परत आल्यावर त्यांना वेगवेगळ्या ठिकाणी एकेकटं विखुरलं. जुन्या व्यवस्थेत एकटा माणूस दोरी ओढायला सांगू लागला तर त्याचं ऐकणार कोण? तिथलं शिक्षण बाकीच्या कंपनीत झिरपायला वर्षानुवर्षं गेली. २००९ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत जनरल मोटर्स या प्रकल्पातून बाहेर पडली आणि एप्रिल २०१० मध्ये कारखाना बंद झाला.

याच कारखान्यातून दुसराही एक धडा मिळतो. तिथे एकाच लाइनवर तयार झालेली जवळपास सारखी गाडी टोयोटा ‘कोरोला’ म्हणून आणि जनरल मोटर्स ‘प्रिझ्म’ म्हणून विकत होती. ग्राहकाने कोरोलाला जास्त किंमत दिली आणि ती जास्त घेतली. म्हणजे उत्पादन एकत्र झालं तरी ब्रँड, विक्रेते आणि विक्रीनंतरची सेवा यांतली स्पर्धा तशीच राहते, आणि तिथे जो मजबूत असतो तोच सामाईक खर्चबचतीचा मोठा वाटा खाऊन जातो.

सोनी आणि सॅमसंग यांची गोष्ट याच अंगाने जाते. २००४ मध्ये दोघांनी मिळून ‘एस-एलसीडी’ ही टीव्हीच्या सपाट पडद्याची पॅनेल बनवणारी कंपनी काढली. सॅमसंगकडे पन्नास टक्के आणि वर एक शेअर, उरलेला वाटा सोनीचा. प्रकल्प दक्षिण कोरियातल्या तांगजोंगमध्ये होता. जुन्या पिक्चर ट्यूबच्या काळात सोनी आघाडीवर होती, पण सपाट पडद्याच्या टीव्हीसाठी तिच्याकडे स्वतःचा पॅनेल कारखाना नव्हता. सॅमसंगला एवढ्या अवाढव्य गुंतवणुकीत वाटेकरी हवा होता आणि खात्रीचा मोठा ग्राहकही. दोघांचीही गरज खरी होती. सोनीने २००५ मध्ये ‘ब्राव्हिया’ टीव्ही बाजारात आणला आणि सुरुवातीला तो चांगला चालला. पुढे मात्र २००६ मध्ये सॅमसंग टीव्हीच्या जागतिक बाजारात पहिल्या क्रमांकावर गेली आणि तिथेच टिकली. सोनीचा टीव्ही व्यवसाय २०१४ पर्यंत सलग दहा वर्षं तोट्यात होता. २०११ च्या अखेरीस सोनीने आपला वाटा सॅमसंगला विकायचं ठरवलं. पॅनेलचे भाव कोसळत होते. बाहेर स्वस्तात मिळणाऱ्या मालासाठी स्वतःच्या कारखान्याचा भार वाहणं तिला परवडेना.

कारखाना एक, पॅनेल एक, हिस्सा जवळपास सारखा, आणि तरीही परिणाम दोन टोकांचे! सॅमसंगने मोठ्या पॅनेलचं उत्पादन, खर्चावरची पकड आणि स्वतःचा टीव्ही ब्रँड या तिन्ही गोष्टी एकमेकींना जोडल्या. सोनीने मुख्यतः पुरवठ्याची हमी मिळवली. भाव चढे असतात तेव्हा पुरवठ्याची हमी मोलाची असते, भाव पडले की तीच गळ्यात येते. तुमच्या एकत्र खरेदीच्या प्रस्तावात ‘किमान इतका माल उचलावाच लागेल’ असं कलम असेल, तर ते या उदाहरणासमोर ठेवून पुन्हा वाचा.

आता हद्द कुठे आखायची ते पाहू. मारिया बेंग्टसन आणि सोरेन कॉक या अभ्यासकांनी २००० साली नॉर्डिक देशांतल्या उद्योगांचा अभ्यास करून एक निरीक्षण मांडलं, आणि माझ्या अनुभवात ते पुन्हा पुन्हा खरं ठरलं आहे. स्पर्धक कंपन्या ग्राहकापासून लांबच्या कामांत सहकार्य करतात आणि ग्राहकाच्या जवळच्या कामांत स्पर्धा करतात. कच्चा माल, मूलभूत संशोधन, चाचणी, प्रमाणीकरण, वाहतूक ही लांबची कामं. डिझाइन, किंमत, विक्री, सेवा ही जवळची. त्यामुळे चाचणी केंद्राची कल्पना मुळात योग्य जागी आहे.

पण लांबचं काम म्हणजे निर्धोक काम नव्हे. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या चौदा सेमीकंडक्टर कंपन्यांनी सरकारी मदतीने ‘सेमाटेक’ ही संस्था काढली. सुरुवातीचा बेत चिप बनवण्याच्या प्रक्रिया एकत्र विकसित करण्याचा होता. तो अडला, कारण उत्पादनप्रक्रिया हेच प्रत्येकाचं खरं बळ होतं आणि ते टेबलावर ठेवायला कुणी तयार होईना. मग संस्थेने रोख बदलला. सगळे ज्यांच्याकडून यंत्रसामग्री घेतात त्या पुरवठादारांना सुधारण्यावर तिने भर दिला, आणि काम मार्गी लागलं. डग्लस आयर्विन आणि पीटर क्लेनाउ यांनी नंतर हिशेब मांडला तेव्हा सदस्य कंपन्यांचा संशोधनावरचा एकत्रित खर्च सुमारे ३० कोटी डॉलरनी कमी झाल्याचं दिसलं. तेच ते प्रयोग प्रत्येकाने वेगवेगळे करण्याची गरज उरली नव्हती. म्हणून तुमच्या केंद्रात काय तपासायचं ते ठरवताना सीलचं डिझाइन सुधारण्याच्या चाचण्या बाहेर ठेवा. पुरवठादाराकडून आलेल्या मालाची तपासणी आणि नियमाने बंधनकारक असलेल्या टिकाऊपणाच्या चाचण्या आत घ्या.

गुपितं कशी जातात, याबद्दल लोकांची कल्पना सहसा चुकीची असते. कुणी फाइल चोरत नाही. गुपित जातं ते बेंचच्या, म्हणजे चाचणी घेण्याच्या यंत्राच्या, वेळापत्रकातून. समजा भिंतीवर तक्ता लावला आहे: कोणत्या कंपनीने उच्च तापमानाचा बेंच कोणत्या आठवड्यात किती तासांसाठी घेतला आहे. आजवर थंड पाण्याच्या पंपांची सील बनवणाऱ्या तुमच्या कंपनीने सलग सहा आठवडे तो बेंच घेतला, की समोरचा अनुभवी माणूस एका नजरेत ओळखतो की तुम्ही गरम तेलाच्या बाजारात उतरताय. तुमचा विक्रेता पहिल्या ग्राहकाकडे जाण्याआधी त्याचा विक्रेता तिथे बसलेला असतो. खरेदीचंही तसंच. सीलसाठी लागणारं सिलिकॉन कार्बाइड कोणत्या प्रतीचं, किती आणि कोणत्या तारखेला हवं, हे एकत्रित मागणीपत्रात कंपनीनिहाय दिसलं, तर पुढच्या तिमाहीचं तुमचं उत्पादन समोरचा कागदावर मांडू शकतो.

उपाय अवघड नाहीत, मात्र ते पहिल्या दिवसापासून हवेत. केंद्राचं वेळापत्रक आणि निकाल तिसऱ्या, स्वतंत्र व्यवस्थापकाकडे ठेवा. नमुन्यांवर कंपनीचं नाव न टाकता सांकेतिक क्रमांक टाका. खरेदीत दोन्ही कंपन्यांनी आपापली मागणी त्रयस्थाला द्यावी, आणि पुरवठादाराशी बोलणी करणाऱ्याला फक्त बेरीज दिसावी. तुमच्याकडून जे लोक या कामावर जातील त्यांचा विक्रीशी आणि किंमत ठरवण्याशी संबंध नसावा, आणि परत आल्यावरही काही काळ नसावा. हे शेवटचं कलम सगळ्यांना जाचक वाटतं आणि वाटाघाटीत सर्वांत आधी तेच ढिलं होतं. ते सोडू नका.

एकत्र खरेदीबद्दल आणखी एक मुद्दा आहे आणि माझ्या मते संपूर्ण प्रस्तावातला तोच सर्वांत वजनदार आहे. दोघांनाही माल स्वस्त मिळाला तर तुम्हा दोघांमधलं अंतर जिथे होतं तिथेच राहतं. फायदा होतो तो तिसऱ्याच्या तुलनेत. तेव्हा आधी बघा की गेल्या काही वर्षांत तुमच्या हातून गेलेल्या ऑर्डरी कुणाकडे गेल्या. दोघांच्याही ऑर्डरी एखाद्या मोठ्या तिसऱ्या कंपनीकडे जात असतील, तर एकत्र खरेदीने तुम्हाला खरं बळ मिळेल. त्या एकमेकांकडेच जात असतील, तर वाचलेला पैसा ग्राहक एका-दोन वर्षांत भाव पाडून घेऊन जाईल. आणि तो तसा जाऊ नये म्हणून दोघांनी भाव धरून ठेवायचं मनात आणलं, की प्रकरण थेट संगनमताच्या कायद्यात जातं. कच्चा माल हा तुमच्या एकूण खर्चाचा मोठा भाग असेल तर नुसत्या एकत्र खरेदीकडेही स्पर्धा नियामक बारकाईने बघतात. दोघांचा बहुतांश खर्च सारखा झाला, की किमतीही आपोआप सारख्या होण्याकडे कल होतो.

कायद्याबद्दल बहुतेकांचा समज एवढाच असतो, की किमती ठरवल्या नाहीत, ग्राहक वाटून घेतले नाहीत, म्हणजे आपण सुरक्षित. २०२१ सालच्या एका निर्णयाने हा समज मोडला. डायम्लर, बीएमडब्ल्यू आणि फोक्सवॅगन समूह यांच्या तांत्रिक बैठका होत असत. डिझेल गाडीचा धूर स्वच्छ करणाऱ्या ‘अ‍ॅडब्लू’ द्रावणाच्या टाकीचा आकार किती असावा आणि एकदा भरल्यावर ते किती अंतर पुरावं, यावर तिथे एकमत झालं. नियमात लिहिलं आहे त्यापेक्षा जास्त स्वच्छता साधण्याचं तंत्र हाताशी असूनही त्या बाबतीत एकमेकांशी स्पर्धा करायची नाही, असा त्याचा अर्थ झाला. युरोपीय आयोगाने याला कार्टेल, म्हणजे स्पर्धकांचं बेकायदा संगनमत, ठरवलं आणि ८७.५ कोटी युरोंचा दंड केला. डायम्लरने प्रकरण स्वतःहून उघड केल्यामुळे तिला दंडातून सूट मिळाली. किमतीचा विषय या सगळ्यात कुठेच नव्हता. त्याच वेळी टाकीच्या तोंडाचं प्रमाणीकरण, द्रावणाच्या दर्जाचे निकष आणि द्रावण सोडणाऱ्या यंत्रणेसाठी एकत्र विकसित केलेलं सॉफ्टवेअर यांत काही गैर नसल्याचंही आयोगाने कंपन्यांना कळवलं. म्हणजे तोंडाचा आकार ठरवणं चाललं, टाकी किती मोठी ठेवायची हे ठरवणं चाललं नाही. तुमच्या चाचणी केंद्राच्या बैठकीत ‘इतक्या तासांपेक्षा जास्त टिकणारं सील बनवायची गरज काय’ असं वाक्य कुणाच्या तोंडून आलं, तर बैठक तिथेच थांबवा आणि तशी नोंद इतिवृत्तात करा.

तसंच ‘एकमेकांची माणसं घ्यायची नाहीत’ हे कलम. वरवर ते सभ्यपणाचं वाटतं. पण २०१० मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने अ‍ॅपल, गूगल, इंटेल, अ‍ॅडोबी, इंट्युइट आणि पिक्सार यांच्यावर अशाच समझोत्यांबद्दल कारवाई केली आणि तडजोडीत ते बंद करायला लावले. कलम हवंच असेल तर ते केंद्रावर प्रत्यक्ष काम करणाऱ्या लोकांपुरतं आणि मुदतीपुरतंच ठेवा, आणि स्पर्धा कायदा जाणणाऱ्या वकिलाकडून तपासून घ्या.

संशोधन काय सांगतं, तेही विचारलं आहे. ढीगभर निष्कर्ष आहेत. कामाचे दोन सांगतो. सुंग हो पार्क आणि मायकेल रूसो यांनी १९९६ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स उद्योगातले संयुक्त प्रकल्प तपासले, तेव्हा थेट स्पर्धकांमधले प्रकल्प फसण्याची शक्यता जास्त आढळली. २००७ मध्ये लुओ, रिंडफ्लाइश आणि त्से यांना दिसलं, की स्पर्धकांशी सहकार्य वाढतं तसा भागधारकांच्या भांडवलावरचा परतावा एका मर्यादेपर्यंत वाढतो आणि त्यापुढे घटू लागतो. यातलं दुसरं मला फार महत्त्वाचं वाटतं. पहिला करार चांगला चालला की दोन्हीकडचे लोक उत्साहात तिसरा, चौथा विषय आणतात. प्रत्येक विषय सुटा पाहिला तर योग्यच असतो. पण हळूहळू विक्री विभागाची धार जाते, कारण समोरचा आता परका राहिलेला नसतो.

असे निष्कर्ष वाचताना एक सावधगिरी बाळगा. सहकार्य करणाऱ्या कंपन्या आणि न करणाऱ्या कंपन्या मुळातच वेगळ्या असतात. अडचणीतली कंपनी भागीदार शोधते. तिचा नफा कमी दिसला तर दोष सहकार्याचा की आधीच्या आजाराचा, हे साध्या तुलनेतून कळत नाही. शिवाय नफा वाढलेला दिसला म्हणजे कार्यक्षमता वाढली असंही नाही. खर्च उतरला, विक्रीची संख्या वाढली आणि भाव स्थिर राहिला किंवा खाली आला, तर सहकार्य खऱ्या अर्थाने फळलं. भाव चढला आणि संख्या घटली, तर तो नफा स्पर्धा थंडावल्याचा आहे. तो टिकत नाही आणि एके दिवशी नियामकाचं पत्र घेऊन येतो.

पैशांच्या वाटणीबद्दल सीएफएम इंटरनॅशनलची रचना अभ्यासण्यासारखी आहे. अमेरिकेची जनरल इलेक्ट्रिक आणि फ्रान्सची स्नेकमा या दोन इंजिन कंपन्यांनी १९७४ मध्ये ती स्थापन केली आणि कराराची मुदत आता २०५० पर्यंत वाढवली आहे. इंजिनाचा गाभा जनरल इलेक्ट्रिकचा. पुढचा पंखा आणि कमी दाबाचा टर्बाइन स्नेकमाचा. वाटणी नफ्याची नाही, विक्रीच्या उत्पन्नाची होते, आणि आपल्या भागाचा खर्च ज्याचा त्याने सोसायचा. यामुळे दोन गोष्टी साधल्या. आपला खर्च कमी केला तर सगळी बचत आपलीच, म्हणून प्रत्येकजण झटतो. आणि एकमेकांचे हिशेब तपासावे लागत नाहीत, म्हणून खर्चाची गुपितं घरातच राहतात. स्पर्धकांमध्ये नफा वाटून घेणारा करार मी शक्यतो सुचवत नाही, त्याचं कारण हेच. नफा वाटायचा म्हणजे खर्च दाखवावा लागतो, आणि खर्च दाखवला की किंमत दाखवल्यासारखंच. तुमच्या केंद्रासाठी वापराच्या तासांनुसार ठरलेलं शुल्क पुरेसं आहे.

एकूण पाहता माझा सल्ला: चाचणी केंद्राला होकार द्या, वर सांगितलेल्या हद्दीत. एकत्र खरेदी आत्ता बाजूला ठेवा. ऑर्डरी कुणाकडे जातात हे तपासल्यावर, आणि केंद्र वर्ष-दोन वर्षं नीट चालल्यावर तो विषय पुन्हा घ्या. केंद्रावर जाणाऱ्या लोकांची निवड आत्तापासून करा. तिथे एकटा माणूस पाठवू नका, तीन-चार जण पाठवा, आणि परत आल्यावर त्यांना एकाच विभागात एकत्र काम द्या.

आणि सही करण्याआधी शेवटचं प्रकरण लिहून घ्या: वेगळं व्हायचं झालं तर काय. यंत्रसामग्री कोण ठेवणार, तिचं मूल्य कोणत्या पद्धतीने ठरणार, आधीपासूनचं ज्ञान कुणाचं, केंद्रात तयार झालेलं कुणी आणि कशासाठी वापरायचं, दोघांपैकी एक कंपनी तिसऱ्याने विकत घेतली तर दुसऱ्याला बाहेर पडता येईल का. मुदतही आधीच ठरवा, पण ती एकाच तारखेला अचानक संपणारी नको. शेवट जवळ आला की दोन्ही बाजू हात आखडता घेतात, निकाल उशिरा देतात, चांगली माणसं परत बोलावतात. मुदत संपण्याच्या किमान एक वर्ष आधी नूतनीकरणाचा निर्णय घेण्याचं बंधन कलमात घाला, आणि नूतनीकरण नाकारलं गेल्यास त्या उरलेल्या वर्षात बेंचचे तास कसे वाटायचे तेही तिथेच लिहा.